काचेतली बडगी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्या संग्रहालयात तिकीट पडत नाही. मला पडतं. खिडकीवरच्या माणसाने त्यांना पाहिलं, खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला रांगेत? सरळ आत जा ना." मग माझ्याकडे वळून, "किती जण?"

दोंडाईचाच्या पुढे तासाभराच्या रस्त्यावर एका लहानशा जुन्या संस्थानाचा राजवाडा आहे. गेल्या वर्षी तो संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. तलवारी, पालख्या, जरीची लुगडी, चांदीची भांडी असं राजघराण्याचं सगळं तिथे मांडलंय. आणि मुदपाकखान्याच्या दालनात, काचेच्या पेटीत, आमच्या घरची बडगी आहे. बडगी म्हणजे एका ओंडक्यातून होडीसारखी कोरलेली लांबट लाकडी परात. भाजलेली वांगी तिच्यात घालायची आणि लाकडी दांड्याने ठेचायची, की भरीत होतं. आमच्या रावेरकडे बडगीशिवाय भरीत करणाऱ्या बाईला लोक स्वयंपाक येत नाही असंच समजतात.

त्या पेटीखालच्या पितळी पाटीवर जाऊबाईंचं नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट. त्या बडगीत मी अठरा हिवाळे वांगी ठेचली. जाऊबाई लग्नापासून धुळ्याला. त्यांनी तिच्यात एक मिरचीही ठेचलेली नाही.

मला हेवा वाटला, हे सरळच सांगून टाकते. पण त्यात एक अडचण होती. ती बडगी राजवाड्याची नव्हतीच, आणि हे मला एकटीलाच माहीत होतं.

आमच्या घरी बडग्या दोन होत्या. एक खरी राजवाड्याची. माझी आजेसासू लग्नाआधी त्या वाड्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. लग्न ठरलं तेव्हा राणीसाहेबांनी तिला एक सागाची बडगी आंदण दिली, ती घेऊन ती रावेरकडच्या आमच्या गावात नांदायला आली. ही बडगी वर्षातून एकदाच निघायची, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत करायला. मग धुवायची, सुकवायची, तेलाचा हात द्यायचा आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून कोठीत परत. मी नवी सून असताना एकदा रोजच्या भरताला ती काढायला गेले, तर सासूबाई कडाडल्या, "ती कायले काढू राहिली व? ती खंडोबाची हाये." आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बोदवडच्या एका सुताराकडून माझ्यासाठी बाभळीची नवी बडगी करून आणली.

तीच मी वापरली. पुढे आम्ही जळगावला आलो, मी हिवाळ्यात भरीत-पुरीच्या ऑर्डरी घ्यायला लागले, तेव्हा तर ती दिवसभर चालायची. मिरच्या, लसूण, तेल, वांग्याचा धूर पिऊन पिऊन ती काळीठिक्कर पडली. आत खड्डा पडला, काठ झिजले. खंडोबाची मात्र शंभर वर्षांची असूनही काल केल्यासारखी पिवळसर आणि गुळगुळीत. सांभाळलेली वस्तू नवी दिसते आणि राबवलेली जुनी, यात नवल काही नाही. पण हे राबवणाऱ्यालाच कळतं.

सासूबाई गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली. आमच्याकडे तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असतं, त्यामुळे कोणतं कुणाचं यावर वाद होत नाही. लाकडावर नाव नसतं. थोरल्याचा पहिला हात, हा रिवाज. जाऊबाई म्हणाल्या, "मला बाकी काही नको. राजवाड्याची बडगी तेवढी द्या." आणि त्यांचा हात काळ्या बडगीकडे गेला.

मी तोंड उघडलं होतं, हे खरं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ती नवी तुला राहू दे. तुझ्या धंद्याला बरी." 'धंदा' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा एखादा माणूस ताटातलं झुरळ दाखवतो. मी तोंड मिटलं.

माझ्या हुशारीची शिक्षा मलाच झाली. खरी माझ्या कोठीत आली, पण ती खंडोबाची, रोज काढायची नाही. कामाची गेली धुळ्याला. मी बाजारातून आंब्याच्या लाकडाची आणली, ती पहिल्याच हिवाळ्यात तडकली. मग स्टीलच्या पातेल्यात ठेचायला लागले आणि जुनी गिऱ्हाइकं विचारायला लागली, "ताई, भरीत कोणी दुसरं करतंय का?"

तिकडे जाऊबाईंनी बडगी दिवाणखान्यात मांडली. संग्रहालयवाल्यांनी गावोगाव निरोप पाठवले, वाड्याशी नातं असलेल्या वस्तू कोणाकडे असतील तर द्या म्हणून. जाऊबाईंनी दिली. समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फोटो. घराच्या ग्रुपवर तीन दिवस तेच. मी अंगठा पाठवला.

यंदा भाऊबीजेला धुळ्याला भावाकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन. "तू अजून बघितली नाहीस ना? सगळ्या खानदेशाने बघितली. चल, उद्या मी येते बरोबर." जेठांचे गुडघे दुखत होते, ते घरी राहिले. गाडी माझ्या नवऱ्याने चालवली.

नवरा पहिल्याच दालनात बंदुकांपाशी अडकला. तो तासभर हलणार नाही हे मला माहीत होतं. पुढे आम्ही दोघीच.

वाडा चांगला राखलाय, हे मान्य करते. फरशी अशी पुसलेली की माझ्या घरी पुसणाऱ्या बाईला आणून दाखवावी. हत्तीची अंबारी आहे, चांदीचा पाळणा आहे, भुसा भरलेला वाघ आहे, त्याचा एक कान उंदराने खाल्ल्यासारखा दिसतो. जाऊबाई प्रत्येक वस्तूपुढे अशा थांबत होत्या जशी त्यांनीच मांडणी केली आहे. "हे बघ, हे अत्तरदाण. हे परदेशातून आलेलं. त्या दिवशी मला स्वतः दाखवलं त्यांनी."

राणीसाहेबांच्या खोलीत मी थांबले. उत्तरेची जाळी, तिच्याशी एक कोच, हाताशी लहानशी घंटा, आरसा. पाटीवर लिहिलं होतं, 'राणीसाहेब दुपारी येथे बसत.' बसत. एवढंच. काही निवडत नसत, सोलत नसत, कुणाचा फोन घेत नसत. मी आजवर दुपारी जेव्हा जेव्हा बसले, तेव्हा मांडीवर लसूण होता. हिरे, मोती, चांदी यांचं मला काही वाटलं नाही, ते माझ्या काय कामाचं? पण ती दुपार मला हवीशी वाटली.

"काय थाट होता ना ग!" जाऊबाई म्हणाल्या.

"त्यांचा लसूण कोणीतरी सोलतच असेल, अक्का."

"तुला प्रत्येक गोष्टीत लसूणच दिसतो."

मुदपाकखाना शेवटी. माणूस आत उभा राहील असे तांब्याचे हंडे, दगडी पाटे, मसाल्याचा तराजू. आणि मधोमध, एका दिव्याखाली, माझी बडगी. आमच्या घरी ती चुलीमागे भिंतीला टेकून असायची, तिच्यावर कधी उजेड म्हणून पडला नव्हता. इथे तिला मखमल होती. पाटीवर लिहिलं होतं, 'राजवाड्यातील बडगी. काळे शिसवी लाकूड.' शिसवी! बोदवडच्या सुताराने सासूबाईंना बाभळीचे पैसे लावले होते. शेजारी शोभेला पितळी बत्ता ठेवला होता. पितळी बत्ता मारला तर बडगी आठवडाभरात चिरेल. वांगं लाकडानेच ठेचायचं असतं. मी काच पुसून नीट बघायला गेले, तर दारातला पहारेकरी म्हणाला, "काचले हात नका लावू माय. आठे बठ्ठं राजानं शे."

इथलं सगळं राजाचं, म्हणे. जाऊबाई हसल्या. "अहो, ह्या माझ्या धाकट्या जाऊ आहेत."

"मंग बी नका लावू," तो म्हणाला.

तेवढ्यात संग्रहालयाचं काम बघणारी मुलगी आली. तिशीच्या आतली असेल, केस वर बांधलेले, चष्मा. जाऊबाईंना बघून तिचा चेहरा फुलला. "मॅडम, बरं झालं आलात. तुमच्या बडगीवर मी अभ्यास केलाय थोडा. बघा ना, खड्डा मधोमध नाहीये. डाव्या टोकाकडे सरकलाय, आणि घाव सगळे तिरपे, डावीकडून आलेले. उजवीकडचा काठ बघा, एकाच ठिकाणी किती गुळगुळीत झालाय. तिथे ती अंगठ्याने बडगी दाबून धरत असणार. म्हणजे ठेचणारी बाई डावखुरी होती!"

जाऊबाई कौतुकाने ऐकत होत्या. "अगं बाई, हो का?"

"कागदांमध्ये तिचं नाव सापडत नाही. पण वर्षानुवर्षं एकाच बाईने, एकाच जागी बसून ठेचलंय, हे नक्की. मी लेख लिहितेय तिच्यावर. 'राणीची डावखुरी स्वयंपाकीण.' तुमच्या घराण्यात पुढे कोणी डावखुरं झालं का हो?"

इथे जाऊबाईंचं कौतुक थांबलं. त्यांनी मान हळूच वळवली आणि माझ्या हाताकडे बघितलं. तिकीट माझ्या डाव्या हातात होतं. पंक्तीत मी डाव्या हाताने वाढायला लागले की "लोकं काय म्हणतील" असं मला वीस वर्षं ऐकवणाऱ्या याच. सासूबाईंनी कधीच निकाल देऊन टाकला होता, "ठेच डाव्या हातानं, वाढ उजव्या हातानं." पण जाऊबाईंना ते कधी पचलं नाही.

"नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "आमच्यात कोणी डावखुरं नाही."

मी बोलू शकले असते. जिभेवर होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर ती मुलगी विचारणार, मग खरी कुठे आहे? आणि खरी माझ्या कोठीतून निघून याच मखमलीवर येऊन बसणार. कामाची बडगी अशी गेली, देवाची तशी जाईल, आणि माझ्याकडे स्टीलचं पातेलं राहील. मी नुसती त्या खड्ड्याकडे बघत राहिले. माझा अंगठा, माझी अठरा वर्षं, माझ्या पाठीची कळ, सगळं उजेडात ठेवलेलं, त्यावर लेख, आणि श्रेय एका अशा बाईला जी झालीच नाही. त्या बाईचा मला जितका हेवा वाटला तितका राणीचाही वाटला नव्हता.

कार्यालयात चहा मिळाला, वाड्याचं चिन्ह असलेल्या कपातून. मुलीने अभिप्रायाची वही पुढे केली. जाऊबाईंनी चार ओळी लिहिल्या, पण अक्षर नेहमीसारखं नव्हतं. मग मुलगी पेन माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, तुम्ही पण लिहा ना."

जाऊबाईंचा कप ओठांपाशी थांबला.

लिहायचा माझा हात शाळेत बाईंनी पट्टी मारमारून बदलला होता. ठेचायचा हात कोणी बदलला नाही. जाऊबाईंना हे माहीत नसावं, त्यांच्यावर मला लिहिताना बघायची वेळच कधी आली नव्हती. मी पेन आधी डाव्या हातात धरलं, जरा वेळ तसंच ठेवलं. मग उजव्यात घेतलं आणि लिहिलं, 'बडगी उत्तम आहे. पितळी बत्ता काढून लाकडी दांडा ठेवावा.'

कप खाली आला.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघी मागे बसलो होतो. दोंडाईचाला रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, तिचे डबे संपेनात. जाऊबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

"हो."

"वाटणीच्या दिवशीच?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'तुझ्या धंद्याला बरी' म्हणालात म्हणून."

नवऱ्याने आरशातून बघितलं. "काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही. तुम्ही फाटक बघा."

फाटक उघडलं. शहाद्याकडून आलेला केळीचा ट्रक आमच्या पुढे घुसला, नवऱ्याने त्याला दोन शिव्या घातल्या. त्या आवाजाच्या आडोशाने जाऊबाई माझ्याकडे सरकल्या. "असं करू. मी त्या मुलीशी बोलते. तेलपाणी करायचं म्हणून आठवडाभर मागून घेते. परत देताना तुझ्याकडची देऊ. तुझी तुला मिळेल, तिथे खरी जाईल. कोणाला काय कळतंय?"

"ती लेख लिहितेय, अक्का. खड्डा कुठे गेला म्हणून विचारेल ती."

"मग खरंच सांगू. चूक झाली म्हणू."

"आणि पाटी?"

"पाटी आहे तशी राहील. घरचीच वस्तू ना."

"मग नाही."

"म्हणजे पाटीवर तुझं नाव हवं तुला."

"हो," मी म्हणाले.

चांगल्या बाईने इथे सासूबाईंचं नाव घेतलं असतं, किंवा आजेसासूचं. माझ्या मनात दोघीही आल्या नाहीत. मला माझं नाव हवं होतं, पितळेवर, त्याच अक्षरात. ते तोंडातून निघाल्यावर जरा बरं वाटलं, उलटी झाल्यावर वाटतं तसं.

"मग जा, सांग त्या पोरीला सगळं. कर माझी शोभा."

"मला वेळ नाही. परवा चाळीस किलो वांगी यायची आहेत."

धुळं जवळ आलं. मग त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "कोणती कुठली, हे आईंनी तुला सांगितलं. मला नाही सांगितलं. मी थोरली."

उत्तर एवढंच होतं की मी तिथे होते आणि तुम्ही नव्हता, पण ते त्यांनाही माहीत असावं. मी पर्समधून बडीशेप काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली.

चंपाषष्ठीच्या आधी दोन दिवस मी खरी बडगी कोठीतून काढली आणि रिक्षात घालून भांडीबाजारात नेली. तिथे भांड्यांवर नावं घालणारा एक म्हातारा बसतो. तो म्हणाला, "ताई, लाकडावर नाव घालत नाही कोणी."

"तुम्ही घाला."

"वर की खाली?"

मी विचार केला. वर घातलं तर खंडोबाच्या नैवेद्यात माझं नाव जाणार. "खाली," म्हणाले. त्याने बडगी पालथी केली, खिळा तापवून घेतला आणि एकेक अक्षर डागलं. बडगीच्या बुडातून धूर निघत होता. सासूबाई असत्या तर त्यांनी त्याच खिळ्याने मला डागलं असतं.

चंपाषष्ठीला जाऊबाई सकाळीच धुळ्याहून आल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्यापुढे लसूण ठेवला. त्यांनी मुकाट्याने सोलायला घेतला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, साली काढल्या, मी बडगीपुढे बसले. उजव्या हाताने काठ धरायला गेले, तर अंगठ्याला जागा सापडेना. ती बडगी कोणालाच ओळखत नव्हती. शंभर वर्षांत तिच्यात कोणाचाही खड्डा पडला नव्हता.

"ठेच बाई डाव्या हाताने," जाऊबाई लसणाच्या ढिगातून म्हणाल्या. "आता तर लेख आहे तुझ्यावर."

"छापून आला?"

"त्या मुलीने पाठवलाय मला. चांगला लिहिलाय. ती बाई अबोल आणि सोशिक होती म्हणे."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

नैवेद्य झाला, जेवणं झाली. मी बडगी धुवायला ठेवली आणि सांगून टाकलं की यंदा ती लुगड्यात जाणार नाही, उद्यापासून ऑर्डरीला लागणार. नवरा म्हणाला, "अगं, ती खंडोबाची ना?" मी म्हणाले, "खंडोबा वर्षातून एकदा जेवतो. लोक रोज जेवतात."

"खराब होईल ती," जाऊबाई म्हणाल्या. पण त्या उठल्या होत्या, पदर खोचला होता आणि मोरीत बडगीपुढे बसल्या होत्या. आतून घासून झाल्यावर त्यांनी ती पालथी घातली आणि त्यांचा हात थांबला. पाणी वाहत राहिलं.

"हे काय? खाली कशाला घातलंस नाव? कोणाला दिसणार इथे?"

"जी घासेल तिला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नावाकडे. मग काथ्या घेतला आणि त्या अक्षरांवरून जरा जास्तच जोर लावून घासायला लागल्या. मी नळ मोठा करून दिला. डागलेलं नाव घासून जात नाही, हे म्हाताऱ्याला विचारूनच मी ते घालून घेतलं होतं.